यादीबाहेरचं नाव

सिंगापूरला आमचं बस्तान बसलं आणि वर्षभरात मी तिथल्या मराठी मंडळींची दरबारी कवी झाले. कुणी नेमलं नाही, कुणी विचारलंही नाही. एका बारशाला मी हौसेनं पाळणा लिहून नेला, वर तो गाऊनही दाखवला, आणि तिथेच माझा घात झाला. पुढच्याच आठवड्यात डोहाळजेवणासाठी फोन. मग कुणाच्या सासऱ्यांची साठी. मग कुणीतरी ऑस्ट्रेलियाला चाललं म्हणून निरोपाची कविता, "जरा विनोदी कर, पण शेवटी डोळ्यांत पाणी आलं पाहिजे." हे सगळं शुक्रवारी संध्याकाळी सांगायचं आणि रविवारी सकाळी तयार हवं. मी फोनवर गोड आवाजात हो म्हणायचे आणि फोन ठेवला की घरभर आदळआपट करायचे. ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांची टीम सांभाळायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, हा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे स्वभावही तसाच झालाय, हे नवरा कुणालाही सांगेल.

एक आधीच सांगून टाकते. या लिखाणात कुणाचंही नाव येणार नाही. मंगलाष्टकांत मी इतक्या लोकांची नावं कोंबली आहेत, की आता पुरे.

आणि मंगलाष्टकं हाच त्या दरबारी नोकरीतला सगळ्यात वैतागाचा भाग. आठ कडवी, प्रत्येकात चार ओळी, प्रत्येक ओळीत एकोणीस अक्षरं, त्यातही कुठलं लघु आणि कुठलं गुरू ते ठरलेलं. त्यात दोन्हीकडच्या आज्या, काका, आत्या, मावश्या सगळ्या नावानिशी बसवायच्या. काही नावं मुळात वृत्तात बसतच नाहीत, पण ते त्या आत्याला कोण सांगणार? एकदा एका नवऱ्या मुलाची धाकटी मावशी माझ्या हातून राहून गेली. ती बाई मला नंतर दोन वर्षं सेरंगूनच्या मॉलमध्ये दिसायची आणि मान फिरवून सरकत्या जिन्यानं वर निघून जायची.

आम्ही बिशानला अकराव्या मजल्यावर राहायचो. घरात मुलीचं पियानो वाजवणं आणि नवऱ्याचं क्रिकेट यांतून एकोणीस अक्षरं धड मोजून होत नसत. म्हणून शनिवारी सकाळी मी वही घेऊन खाली जायचे. तिथल्या सरकारी इमारतींखाली मोकळी जागा असते, तिला व्हॉइड डेक म्हणतात. तिथे दगडी टेबलं असतात, पंख्याशिवायही वारा असतो. मी पुटपुटत बोटांवर अक्षरं मोजत बसायचे. पलीकडच्या टेबलावर एक म्हातारे चिनी गृहस्थ पेपर वाचत बसलेले असायचे. चार-पाच शनिवार त्यांनी पाहिलं असावं. मग एकदा पेपर खाली ठेवला आणि मला विचारलं की कविता का? मी चपापले. मला वाटलं होतं, बाई वेडी आहे असं त्यांना वाटत असणार. ते म्हणाले, हिशेब करणारा माणूस बोटांकडे बघतो, तू वर छताकडे बघतेस.

ते आमच्याच इमारतीत दहाव्या मजल्यावर राहायचे. शाळेत चिनी भाषा शिकवून निवृत्त झालेले. तिथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना अंकल म्हणायला लागले. त्यांचं इंग्लिश सिंगापुरी वळणाचं, प्रत्येक वाक्याच्या शेपटीला लाह. मी ते इथे मराठीत लिहिते. माझी एकोणीस अक्षरं ऐकून त्यांना हसू आवरेना. त्यांच्याकडे ओळीला पाच नाहीतर सात, आणि ओळी आठ. एकोणीस म्हणजे तुमचे राजे फारच रिकामटेकडे असणार, असं त्यांचं मत पडलं. पण आठाचा आकडा दोन्हीकडे आहे म्हटल्यावर खूश झाले. मग त्यांनी मला त्यांच्या माणसाबद्दल सांगितलं.

त्यांचा माणूस म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा एक दरबारी कवी. अंकल तीस वर्षं त्या एकाच कवीच्या मागे लागले होते. घरात वह्यांची चळत होती आणि त्यांची मुलं इंग्लिश वाचणारी, त्यामुळे ऐकायला कुणी नव्हतं. मी सापडले. दर शनिवारी अर्धा तास माझी मंगलाष्टकं आणि एक तास त्यांचा कवी. हा कवी परीक्षा देऊन दरबारात लागला, हुद्दा बेताचाच. काम काय, तर बादशहा जाईल तिथे मागोमाग जायचं आणि हुकूम झाला की कविता करायची. बर्फ उशिरा पडला, कविता. कुणी पोपट नजर केला, कविता. राजकन्येच्या बागेत नवं तळं खोदलं, कविता. यमक कुठलं वापरायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं, आणि मेणबत्तीवर खूण केलेली असायची, तिथवर ज्योत पोचायच्या आत कागद हातात द्यायचा. शिवाय बादशहाच्या नावातलं अक्षर चुकूनसुद्धा लिहायचं नाही. ते उमटलं, तर नोकरी गेली आणि वेळ वाईट असेल तर मानही.

मी म्हटलं, आमच्याकडे उलटं आहे, नाव लिहिलं नाही तर मान जाते. अंकल टेबलावर हात आपटून हसले.

पुढे त्या कवीला दरबारातून हाकललं, दक्षिणेकडे डासांच्या मुलखात पाठवलं. तिथे लिहिलेल्या त्याच्या दुःखाच्या कवितांची सगळे वाहवा करतात. अंकलना त्याच कविता आवडायच्या नाहीत. त्यांचं म्हणणं, दुःखात कुणीही लिहील. मेणबत्ती विझायच्या आत, दुसऱ्यानं दिलेल्या यमकात, पोपटावर लिहून दाखवा. मला हे ऐकून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी घरी येऊन नवऱ्याला ऐकवलं, तर तो म्हणाला, मग त्या साठीच्या कवितेचं बघ, उद्या द्यायची आहे.

आमच्या तिसऱ्या खोलीत तेव्हा एक मुलगी राहायची. अमरावतीची, युनिव्हर्सिटीत संशोधन करणारी. भाडेकरू म्हणून आली आणि सहा महिन्यांत घरचीच झाली. मला ताई म्हणायची, माझ्या लेकीला गणित शिकवायची आणि माझ्या रागाला अजिबात भीक घालायची नाही. तिचं लग्न ठरलं. मुलगा मुंबईचा, पण नोकरी सिंगापूरला. दोघांनाही लांब रजा मिळेना म्हणून लग्न सिंगापूरलाच करायचं ठरलं, सेरंगूनच्या एका छोट्या हॉलमध्ये. मंगलाष्टकं कोण लिहिणार हा प्रश्नच नव्हता. पहिल्यांदाच मी आदळआपट न करता हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला. फार सभ्य माणूस. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, बोलणंही मोजून मापून. म्हणाले, ताई, तुम्ही आमच्या मुलीला एवढं जपता, उपकार आहेत. आमच्याकडची नावं यादी करून पाठवतो. मग एक अट घातली.

"त्या यादीबाहेरचं एकही नाव नको."

यादी आली. आजी, आजोबा, काका, काकू, दोन आत्या, शेजारच्या एक आजीसुद्धा. मुलीची आई नव्हती. मामा, मावशी, आजोळचं कुणीच नव्हतं.

मी संध्याकाळी तिच्यापुढे यादी ठेवली. तिनं ती वाचली, घडी घातली. मग जे मला दोन वर्षांत सांगितलं नव्हतं ते सांगितलं. ती सात वर्षांची असताना आई घर सोडून गेली. दुसरं लग्न केलं. वडिलांनी त्या दिवसापासून घरात ते नाव काढलं नाही, फोटो ठेवला नाही, आजोळ तुटलं ते तुटलंच. पण मुलीला एकट्यानं वाढवलं. तिच्या वेण्या घालायला शिकले, डबे केले, ताप आला की रात्र रात्र बसले. ही सिंगापूरला आली त्याच वर्षी आई वारली आणि हिला ते महिनाभरानं एका लांबच्या बहिणीकडून कळलं. हे सगळं तिनं कोरड्या आवाजात सांगितलं. शेवटी फक्त म्हणाली, "ताई, माझ्या लग्नात आई कुठेतरी पाहिजे. बाबांना दुखवायचं नाहीये मला. पण ती कुठेच नसली, तर मला ती मंगलाष्टकं ऐकवणार नाहीत."

माझं डोकंच फिरलं. सात वर्षं जिनं सांभाळलं तिचं नाव शेजारच्या आजींच्याही खाली नाही? मी ठरवून टाकलं. पहिल्या कडव्यात, पहिल्या ओळीत आईचं नाव घालायचं. सुदैवानं ते वृत्तात बसतही होतं. हॉलमध्ये माइकवरून म्हटलं जाईल तेव्हा बघू कोण काय करतं ते. माझी नऊ वर्षांची लेक म्हणाली, "आई, हर डॅड विल क्राय, लाह." मी तिला अभ्यासाला बसवलं.

शनिवारी मी हे अंकलना तावातावानं सांगितलं. वाटलं होतं, शाबासकी मिळेल. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की असं केल्यावर त्या दिवशी सगळे कुणाकडे बघतील? मी म्हटलं, वडिलांकडे. ते म्हणाले, म्हणजे मुलीकडे नाही, आईकडेही नाही. मी वही मिटली.

मग त्यांनी त्यांच्या माणसाची एक गोष्ट सांगितली. त्याचा एक जिवलग मित्र होता, तोही दरबारी. त्याच्यावर बादशहाची गैरमर्जी झाली, त्याला दूर पाठवलं आणि दरबारात त्याचं नाव उच्चारायला बंदी आली. या मित्राच्या घराच्या पूर्वेच्या भिंतीवरून एक वाकडं नाशपातीचं झाड बाहेर झुकलेलं होतं. दर वसंतात सगळे कवी त्या झाडाखाली प्यायला जमायचे. पुढच्या वसंतात बादशहाची स्वारी बागेत गेली, कवितेचा हुकूम झाला. आपल्या माणसानं आठ ओळी लिहिल्या. सात ओळींत बाग, बादशहा, सोनेरी रथ. एका ओळीत, पूर्वेच्या भिंतीवरून झुकलेली नाशपातीची एक वाकडी फांदी. बादशहाला तीच ओळ आवडली. त्यानं ती स्वतःच्या तोंडानं दोनदा म्हटली. अर्धा दरबार खाली माना घालून उभा होता.

मी विचारलं, मग मित्र परत आला? अंकल म्हणाले, नाही, तिकडेच वारला. मी फणकारले, मग उपयोग काय झाला? त्यांनी पेपर उघडला आणि त्याच्याआडून म्हणाले, "त्या दिवशी तो बागेत होता ना."

उठताना त्यांनी एवढंच सुचवलं की मुलीला आईचं काय आठवतं ते विचार. मला हे आधी सुचलं नव्हतं याची लाज वाटली.

पण असं समोर बसवून कसं विचारणार? पुढच्या रविवारी आम्ही सगळे पुलाउ उबीन बेटावर गेलो. चांगीहून लहान होडीनं दहा मिनिटं, मग भाड्याच्या सायकली. ब्रेक लागत नाहीत, सीट टोचतं, तरी सगळं सिंगापूर तिथे हौसेनं जातं. नवरा आणि लेक पुढे निघून गेले. आम्ही दोघी मागे रखडत होतो. एका जुन्या लाकडी घराच्या कुंपणावर गोकर्णीचा वेल चढला होता, निळ्या फुलांनी नुसता भरलेला. ती सायकलवरून उतरली. एक फूल तोडलं आणि माझ्या हातात न देता स्वतःच्याच केसांत खोचलं.

मला विचारावं लागलं नाही. आई सकाळी दारात बसून तिची वेणी घालायची आणि शेवटी एक गोकर्णीचं फूल खोचायची. शाळेत मुली हसायच्या, हे कसलं देवाचं फूल, म्हणून ही फाटकाबाहेर गेली की काढून टाकायची. आई गेल्यावर बाबा वेणी घालायचे, घट्ट आणि अगदी सरळ भांग, पण फुलाचं त्यांना कुठून कळणार. "मी रोज टाकून द्यायचे, ताई," ती म्हणाली आणि मग मात्र रडली. मीही रडले. सायकली भाड्याच्या होत्या, तासावर पैसे होते, तरी आम्ही बराच वेळ तिथेच उभ्या होतो.

मंगलाष्टकं मी दोन दिवसांत लिहिली. सात कडव्यांत यादी, काटेकोरपणे, क्रमानं, शेजारच्या आजींसकट. पाचवं कडवं नावांशिवायचं. कुणाच्याही लग्नात खपून जाईल असं, अंगण, पहाट, पाखरं, सनई. त्याची शेवटची ओळ:

वेणीला खुलवी निळी फुलवती दारात गोकर्ण ती

एकोणीस. मी तीनदा मोजली. शनिवारी अंकलनीही मोजली. त्यांना शब्द कळत नव्हते, पण मी म्हणत गेले आणि ते बोटं मुडपत गेले. मुलीला वाचायला दिली तेव्हा ती पाचव्यापाशी थांबली, मला घट्ट मिठी मारली आणि कागद घेऊन खोलीत गेली.

मग वडिलांना ईमेलनं पाठवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. वाचले, ठीक आहे, नावे बरोबर. पाचवे मी म्हणेन. मला हुश्श झालं. नावांशिवायचं म्हणून म्हणायला सोपं वाटलं असेल, एवढंच माझ्या मनात आलं. बादशहा आपल्याच तोंडानं म्हणणार, असं मी अंकलना सांगितलं. विजयानं सांगितलं, खोटं कशाला बोलू.

लग्नाच्या दिवशी हॉल एसीनं गारठलेला, भटजी तिथलेच, नऊवारीतल्या बायका शाली शोधत होत्या. मुलीच्या मागे मामा उभा राहतो, तिथे माझा नवरा उभा राहिला. पगडी त्याच्या कानांवर येत होती. अंकल पांढरा कडक शर्ट घालून तिसऱ्या रांगेत, मुठीत अक्षता. मी त्यांना आधी समजावलं होतं की या खायच्या नाहीत. अंतरपाट धरला. पहिलं काकांनी म्हटलं, बेसूर. दुसरं, तिसरं आत्यांनी. चौथं मुलाच्या बहिणीनं. मग वडील माइकपाशी आले. धोतर, कोट, हातात घडी केलेला कागद. तो त्यांनी उघडलाच नाही.

काय आवाज होता त्यांचा! मुलीनंही तो असा कधी ऐकला नसावा, कारण ती अंतरपाटाआडून मान वळवून बघायला लागली. अंगण झालं, पहाट झाली, सनई झाली. शेवटची ओळ आली. वेणीला खुलवी निळी फुलवती, आणि तिथे ते थांबले. एक श्वास गेला. मग म्हणाले,

"परसात गोकर्ण ती."

शुभ मंगल सावधान झालं, अक्षता पडल्या, आणि मी, मेली चुका काढणारी बाई, पहिल्यांदा चिडले. माझी ओळ मोडली की हो! एक अक्षर जास्त. सहावं सुरू झालं तरी मी मनातल्या मनात बोटं मोजत होते. आणि मग एकदम उमगलं. पाठ केलेल्या माणसाचा शब्द असा चुकत नाही. माझ्या हातातल्या अक्षता तशाच राहिल्या. सातवं, आठवं मला ऐकूच आलं नाही.

जेवणाच्या वेळी अंकलनी मला गाठलं. एका हातात पुरी. गंभीर चेहरा करून म्हणाले, पाचव्यात शेवटच्या ओळीत वीस होती, तुझं चुकलं. मी म्हटलं, माझं नाही, त्यांनी शब्द बदलला, मी लिहिलं होतं पुढच्या दारात, ते म्हणाले घरामागे. अंकलनी पुरी ताटात ठेवली आणि वडील बसले होते तिकडे बराच वेळ बघत राहिले.

वडील स्वतःच उठून आले. मी हात पुसून उभी राहिले. वाटलं, आता बोलणी खायची आहेत.

"ताई, तुमची ओळ मी बिघडवली," ते म्हणाले. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांना पुढचं सांगायचं होतं. "दारात तुळस होती. पोरगी लहान होती, तिला तसंच आठवत असेल. गोकर्ण परसात. धुण्याच्या दगडापासून चार पावलं, डाव्या हाताला. तिनंच लावली होती." मोजणी खात्यातला माणूस, जागा चुकलेली त्यांना चालणार नव्हती. वेल अजून आहे, म्हणाले. मी पाणी घालतो.

आणि मग त्यांनी तिचं नाव घेतलं. नुसतं नाव, दुसरं काही नाही. सांगता सांगता आलं तसं.

मुलगी त्यांच्या मागेच उभी होती, हिरवा शालू, कपाळावरच्या मुंडावळ्या एका बाजूला सरकलेल्या, हातात वडिलांसाठी आणलेली मठ्ठ्याची वाटी. तिनं ती माझ्या हातात दिली. वडिलांना कळलं ती मागे आहे ते. ते वळले.

"बाबा," ती म्हणाली, "परत एकदा घ्या ना."

त्यांनी परत एकदा घेतलं.